बहात्तर भागाकारांची वही

गेल्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. तीन आठवडे वाचन बंद, टीव्ही बंद, खाली वाकायचे नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. गणिताच्या निवृत्त मास्तरला वर्तमानपत्र आणि पेन्सिल यांच्यापासून तोडले की तो घरच्यांना किती छळतो हे आमच्या सौभाग्यवतींना विचारा. शेवटी तिनेच फोन लावून माझ्या हातात दिला, "बोला नातीशी, माझं डोकं खाऊ नका."

नात फोंड्याला असते, सातवीत शिकते. तिचीही त्या दिवशी एक तक्रार होती. मोबाईलवरच्या कुठल्याशा खेळात ती नाणी गोळा करते. कुणीतरी तिला नाण्यांचा पाऊस पाडायची युक्ती शिकवली आणि नाणी भराभर वाढत गेली. मग एके ठिकाणी आकडा थांबला. कितीही खेळा, पुढे सरकत नाही.

"आजोबा, अडकलाच तो. हजार नाही, लाख नाही, कोटी पण नाही. भलताच आकडा आहे."

"वाच बघू."

तिने एकेक अंक वाचला. दोन, एक, चार, सात, चार, आठ, तीन, सहा, चार, सात.

वाचकहो, रस्त्यात एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाने हाक मारावी तसे मला झाले. २१४७४८३६४७. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. हा आकडा मी पस्तीस वर्षे फळ्यावर लिहिला आहे. त्याच्याशी माझा एक जुना हिशेबही राहून गेला आहे. तो शेवटी सांगतो. आधी आकड्याची ओळख करून घेऊ.

पटावरचे तांदूळ

बुद्धिबळाच्या पटावरच्या तांदळांची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, चौथ्यात आठ, असे दुप्पट करत जायचे. राजाचे कोठार रिकामे होते. आपण चौसष्ट घरे भरायला नकोत, एकतिसाव्या घराशी थांबू आणि आतापर्यंतचे सगळे दाणे एकत्र करू. जो ढीग होईल त्यात बरोबर २१४७४८३६४७ दाणे असतील. एका ग्रॅमला पन्नास दाणे धरले तर सुमारे त्रेचाळीस टन तांदूळ, म्हणजे चार-पाच ट्रक.

ही बेरीज करायला कागद लागत नाही. पहिल्या तीन घरांची बेरीज १, २ आणि ४ मिळून ७. पुढच्या घरात ८ आहेत, त्याहून एक कमी. चार घरांची १५, पुढच्या घरात १६. नेहमी एकच कमी. म्हणून एकतीस घरांची बेरीज म्हणजे दोनाचा एकतिसावा घात वजा एक.

आता नातीचा खेळ. संगणकात आकडे साठवायला छोटे छोटे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात बटणांची रांग असते असे समजा. बटण चालू किंवा बंद, तिसरी अवस्था नाही. बऱ्याच वर्षांपासून बत्तीस बटणांचा कप्पा रूढ आहे. त्यातले एक बटण आकडा अधिक की वजा हे दाखवते. उरली एकतीस. पहिल्याची किंमत एक, दुसऱ्याची दोन, तिसऱ्याची चार, अगदी पटावरच्या दाण्यांसारखी. सगळी बटणे चालू झाली की कप्पा भरला आणि भरलेल्या कप्प्यातला आकडा म्हणजे आपली एकतीस घरांची रास. नातीची नाणी तिथे अडकली कारण खेळ लिहिणाऱ्याने एवढाच कप्पा दिला होता.

मोठ्या माणसांचीही अशीच गंमत झाली आहे. डिसेंबर २०१४ मध्ये 'गंगनम स्टाईल' हे कोरियन गाणे यूट्यूबवर एवढ्या वेळा पाहिले गेले की मोजणीचा आकडा या मर्यादेपलीकडे गेला आणि कंपनीने मोजणीचा कप्पा मोठा केल्याचे जाहीर केले. दुसरी बाब जरा गंभीर आहे. अनेक संगणक १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले हे मोजून वेळ ठेवतात. ज्यांच्यात ती मोजणी एकतीस बटणांवर चालते त्यांचा कप्पा १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, आपल्याकडे सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे आणि सात सेकंद झाले की भरणार. पुढच्या सेकंदाला अधिक-वजाचे बटण उलटेल आणि ते यंत्र स्वतःला १९०१ सालच्या डिसेंबरात समजू लागेल. नव्या संगणकांत चौसष्ट बटणांचे कप्पे आहेत, त्यामुळे घरच्या फोनची काळजी नको. कारखान्यांत आणि यंत्रांच्या पोटात बसवलेली जुनी उपकरणे मात्र तोवर शोधून बदलावी लागतील.

लाडू आणि रांगा

पण संगणक जन्माला येण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी हा आकडा एका वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाला होता. ती मूळ संख्या आहे.

मूळ संख्या म्हणजे काय हे मी वर्गात लाडवांवरून सांगत असे. ताटात बारा लाडू असतील तर तीनतीनच्या चार रांगा लावता येतात, दोनदोनच्या सहा. तेरा लाडू असले तर काहीही करा, एकच लांब रांग होते. नाहीतर शेवटच्या रांगेत लाडू कमी पडतात. तेरा मूळ, बारा संयुक्त. आपले ते त्रेचाळीस टन तांदळाचे दाणे कुणी जमिनीवर सारख्या रांगांत मांडायला बसला तर त्याला कधीच जमणार नाही. एका दाण्याचाही फरक न होता बसणारी मांडणी एकच, सगळे एका रांगेत.

हे खरे कशावरून? इथून खरी गंमत सुरू होते.

पट पुन्हा घ्या आणि सहाच घरे भरा. एकूण दाणे ६३. आता घरांच्या जोड्या लावा. पहिल्या जोडीत १ आणि २ मिळून ३, दुसरीत ४ आणि ८ मिळून १२, तिसरीत १६ आणि ३२ मिळून ४८. प्रत्येक जोडी तीनच्या पाढ्यात. म्हणून एकूणही तीनच्या पाढ्यात. घरांची संख्या सारख्या गटांत वाटता आली की दाण्यांची संख्याही हमखास फुटते. तेव्हा रास मूळ हवी असेल तर घरांची संख्या आधी मूळ हवी. एकतीस मूळ आहे. हा दरवाजा बंद.

मात्र तेवढ्याने काम भागत नाही. अकरा ही मूळ संख्या. अकरा घरांत २०४७ दाणे. ते २३ गुणिले ८९ असे फुटतात. या फसवणुकीत भलेभले सापडले आहेत. इटलीतल्या बोलोन्याच्या काताल्दीने १५८८ मध्ये सतरा घरांची रास १३१०७१ आणि एकोणीस घरांची ५२४२८७ या दोन्ही मूळ असल्याचे दाखवले. त्याने ७५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी केली आणि एकेकीने भागून पाहिले. मग धीर चेपल्यावर २३, २९, ३१ आणि ३७ घरांच्या राशीही मूळ असल्याचे त्याने भागाकार न करताच म्हटले. चारांतले तीन अंदाज चुकले. एकतीस तेवढे बरोबर निघाले. पुढे १६४४ मध्ये फ्रान्समधला धर्मगुरू मर्सेन याने २५७ घरांपर्यंतची यादी दिली. त्यातही चुका होत्या, पण या राशींना आजही त्याचेच नाव आहे: मर्सेन संख्या.

दृष्टी गेलेला माणूस

एकतीस घरांचा निकाल लावला लिओनार्ड ऑयलरने. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा हा माणूस, जन्म १७०७ चा. आयुष्याचा मोठा भाग रशियात सेंट पीटर्सबर्गला गेला. उजव्या डोळ्याची दृष्टी तिशीतच गेली होती. साठीच्या सुमारास डाव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढला. १७७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली, काही दिवस दिसले, मग संसर्ग झाला आणि तेही गेले. त्याच साली शहरात मोठी आग लागली, त्यात राहते घर जळाले. या माणसाने १७७२ मध्ये बर्नूली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पत्र पाठवून कळवले की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे.

डोळ्यावर पट्टी बांधून खुर्चीत बसलो होतो तेव्हा मला हे आठवले आणि माझ्या कुरकुरीची थोडी लाज वाटली. माझे ऑपरेशन वीस मिनिटांत झाले आणि आता मला पंचांगातली बारीक अक्षरेसुद्धा दिसतात.

ऑयलरने हे केले कसे? एखादी संख्या फुटत असेल तर तिच्या दोन भाजकांपैकी लहान भाजक तिच्या वर्गमुळापेक्षा मोठा नसतो. आपल्या संख्येचे वर्गमूळ ४६३४० च्या थोडे पुढे आहे. म्हणजे तिथपर्यंतच्या सर्व मूळ संख्यांनी भागून पाहायचे. अशा संख्या पावणेपाच हजारांहून जास्त आहेत. दहा अंकी संख्येला पावणेपाच हजार भागाकार, तेही हाताने!

ऑयलरने आधी विचार केला, मग भागाकार. मर्सेन संख्येला कोणताही भाजक उगीच भाग घालत नाही, त्याला दोन अटी पाळाव्या लागतात. एकतीस घरांच्या राशीचा मूळ भाजक असेल तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. ६२ म्हणजे एकतिसाची दुप्पट. दुसरी अट अशी की त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. ताळा पाहायचा असेल तर अकरा घरांची रास घ्या. तिचे भाजक २३ आणि ८९. अकराची दुप्पट २२. तेवीसला २२ ने भागा, बाकी १. एकोणनव्वदला भागा, बाकी १. आठने भागलेत तर बाकी ७ आणि १. अटी तंतोतंत पाळलेल्या.

दोन्ही अटी एकत्र केल्या की ४६३४० पर्यंत फक्त सुमारे पावणेचारशे संख्या उरतात. त्यांतल्याही बहुतेक स्वतःच तीनने, पाचने, सातने फुटतात, त्या वगळायच्या. पहिला खरा उमेदवार ३११. नातीला मी फोनवरच हा भागाकार घातला. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. भाग जात नाही. पुढचा उमेदवार थेट १३०३. बाकी २२६. तोही गेला. अशा रीतीने शेवटपर्यंत जायचे. पावणेपाच हजार भागाकारांचे काम शंभराच्या आतबाहेर आले आणि एकानेही भाग गेला नाही. मदतीला मुलगा आणि विद्यार्थी होते, कागदावर लिहायचे काम त्यांचे. अटी मात्र ऑयलरच्या डोक्यातून आल्या.

पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ माणसाला ठाऊक असलेली ही सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

याचा उपयोग काय?

या संख्येला आणखी एक मान आहे. ६ या संख्येचे स्वतःहून लहान भाजक १, २, ३. त्यांची बेरीज पुन्हा ६. अठ्ठावीसचे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. अशांना परिपूर्ण संख्या म्हणतात. त्या आपल्या पटावरून मिळतात. शेवटच्या घरातले दाणे आणि एकूण दाणे यांचा गुणाकार करा. दोन घरे: २ गुणिले ३, सहा. तीन घरे: ४ गुणिले ७, अठ्ठावीस. पाच घरे: १६ गुणिले ३१, म्हणजे ४९६. एकूण दाण्यांची संख्या मूळ असली की गुणाकार परिपूर्ण येतो, हे युक्लिडने दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध केले. एकतीस घरांची परिपूर्ण संख्या एकोणीस अंकी आहे: २३०५८४३००८१३९९५२१२८.

इंग्लंडमध्ये पीटर बार्लो नावाचा गणितज्ञ होता. १८११ मध्ये त्याने अंकशास्त्रावर पुस्तक लिहिले. त्यात या एकोणीस अंकी संख्येविषयी तो म्हणतो त्याचा आशय असा: याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण अशा संख्या नुसत्या कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत, तेव्हा कुणी शोधायच्या भरीसच पडणार नाही.

बार्लो चुकला. फ्रान्समधल्या ल्युका याने १८७६ मध्ये एकशे सत्तावीस घरांची एकोणचाळीस अंकी रास मूळ असल्याचे दाखवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मर्सेन मूळ संख्येची घरे आहेत १३६२७९८४१. ती लिहायला चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस अंक लागतात. पानावर तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांहून जास्त पाने होतील. जगभरच्या हौशी लोकांनी आपापले संगणक जोडून १९९६ पासून हा शोध चालवला आहे.

बार्लोवर हसणे सोपे आहे. मी हसू शकत नाही, कारण मीही एकदा तेच बोललो आहे.

गोष्ट १९८४ ची. नववीचा वर्ग. खानापूरकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येणारा मुलगा होता. नाव लिहीत नाही. मागच्या बाकावर बसायचा, फार बोलायचा नाही. मी तांदळाची गोष्ट सांगितली, बेरीज कशी करायची ते सांगितले, आणि जाता जाता बोलून गेलो की यांतल्या काही राशी मूळ असतात. बस्स, एवढेच. पुढे आठ-दहा दिवसांनी मधल्या सुट्टीत तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात दोनशे पानी वही.

"सर, सतरा घरांची मूळ आहे. मी सगळ्यांनी भागून बघितलो."

आमच्याकडच्या मुलांचे मराठी असेच. वही उघडून त्याने पुढे केली. पानेच्या पाने भागाकार. १३१०७१ ला तीनने, पाचने, सातने, अकराने. वर्गमूळ ३६२ येते, तिथपर्यंतच्या बहात्तर मूळ संख्या त्याने शोधून काढल्या होत्या आणि एकेकीने भागले होते. काताल्दीचे नाव त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बोलोन्यात चारशे वर्षांपूर्वी जे झाले तेच त्याने पुन्हा, एसटीत आणि घरी दिव्याखाली बसून, एकट्याने केले होते.

माझ्यासमोर सहामाहीचे पेपर पडले होते. मी वही हातातही घेतली नाही. म्हणालो, "याचा उपयोग काय? परीक्षेत येणार आहे का हे? बीजगणितात किती मार्क पडलेत बघ आधी."

त्याने "हो सर" म्हटले आणि वही मिटली. ती वही पुन्हा कधी माझ्यासमोर आली नाही. दहावी झाल्यावर तो कुठे गेला ते मला ठाऊक नाही. गणिताकडे नक्कीच गेला नाही, कारण दहावीतही तो मागच्याच बाकावर बसला आणि त्याने मला पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

मी त्याला काय देऊ शकलो असतो याचा हिशेब पट्टी बांधून बसलो होतो तेव्हा केला. सतराची दुप्पट ३४. ऑयलरच्या दोन अटी लावल्या तर बहात्तर भाजकांपैकी किती उरतात? तीन. १०३, १३७ आणि २३९. "शाबास, आता तेच काम तीन भागाकारांत कसे होते ते बघ," एवढे वाक्य मी बोलायला हवे होते. सिद्धता नववीला कळली नसती, पण ताळा पाहता आला असता. त्या मुलाने त्या रात्री एकोणीस घरे घेतली असती, आणि मग कदाचित एकतीस.

उपयोगाचेही सांगतो, कारण माझ्या प्रश्नाला उत्तर होते आणि ते मला तेव्हा माहीत नव्हते. संगणकावर एखाद्या गोष्टीची नक्कल करून पाहायची, जसे बँकेतली रांग किंवा टेलिफोनची वाहतूक, तर चिठ्ठ्या उचलल्यासारखे आकडे लागतात. भिशीचा नंबर काढतो तसे, कुठलाही केव्हाही यावा. संगणक तर ठरलेलेच काम करतो, तो चिठ्ठी कशी उचलणार? एक युक्ती अशी. सातचे उदाहरण घ्या. १ पासून सुरू करा, दर वेळी ३ ने गुणा, ७ ने भागा आणि बाकी ठेवा. १, ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १. एकही आकडा न चुकता, एकही दोनदा न येता, सगळ्यांचा नंबर लागला. सातच्या जागी ८ घेऊन पाहा: १, ३ आणि पुन्हा १. दोनच आकड्यांत फेरी संपली. सगळ्यांना एकेक नंबर देणारी अशी पूर्ण फेरी हवी तर भाजक मूळ लागतो आणि गुणकही पारखून घ्यावा लागतो.

मोठी फेरी हवी तर मोठी मूळ संख्या हवी आणि ती संगणकाच्या कप्प्यात नेमकी मावायला हवी. एकतीस बटणांच्या कप्प्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या आपोआपच मूळ निघाली, हे भाग्यच म्हणायचे. त्रेसष्ट बटणांच्या कप्प्याचे असे नाही. त्रेसष्ट घरे तीनतीनच्या गटांत वाटता येतात, म्हणून ती रास सातने फुटते. १९६९ मध्ये अमेरिकेत लुईस, गुडमन आणि मिलर या तिघांनी २१४७४८३६४७ हा भाजक आणि १६८०७, म्हणजे सातचा पाचवा घात, हा गुणक घेऊन ही रीत संगणकावर चालवली. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला किमान प्रमाण मानावे असे सुचवले. दोन अब्जांहून जास्त आकड्यांची फेरी पुरी झाल्याशिवाय एकही आकडा परत येत नाही. गुप्त संकेतांसाठी ही रीत कामाची नाही, आणि आता याहून चांगल्या रीती आहेत. त्यांतल्या एका प्रसिद्ध रीतीची फेरी १९९३७ घरांच्या मर्सेन मूळ संख्येएवढी आहे. पण सी प्लस प्लस या संगणकभाषेच्या प्रमाणित साठ्यात ती जुनी रीत आजही आहे.

म्हणजे मी त्या मुलाला हटकले त्याच्या पंधरा वर्षे आधीच ही संख्या कामाला लागली होती. पण खरे सांगू? हे उत्तर मला तेव्हा ठाऊक असते तरी ते त्या मुलासाठी नव्हते. तो नोकरी मागायला आला नव्हता. देवळालीच्या शाळेतले आपले कापरेकर मास्तर ६१७४ या आकड्याच्या नादी लागले ते तरी कुठल्या उपयोगासाठी? त्यांनाही पुष्कळांनी हसून घेतले. पुढे १९७५ मध्ये अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी आपल्या स्तंभात त्यांच्याविषयी लिहिले आणि जगाला त्यांचे नाव कळले. मुलाला एक गोष्ट खरी आहे हे स्वतः कळले होते आणि ते कुणाला तरी दाखवायचे होते. मी त्या गावातला एकटा गणिताचा मास्तर होतो.

पट्टी निघाल्यावर चष्मा येईपर्यंत आणखी काही दिवस होते. नातीला फोनवर बसवले. मी भाजक सांगायचा, तिने भागाकार करायचा आणि बाकी वाचायची. कॅल्क्युलेटर चालणार नाही अशी अट तिनेच घातली. आधी ऑयलरचे तीन केले. १०३ ला बाकी ५५. १३७ ला ९९. मग २३९ केला आणि ती ओरडली, "आजोबा, परत नव्व्याण्णवच!" असे का झाले हे तुम्हीही शोधून पाहा, वाचकहो. कागदावर दोन ओळींचे काम आहे.

तीन भागाकारांनी सिद्ध झाले होते. तरी मी तिला म्हटले, आपल्याला बहात्तरही करायचे आहेत. तिने का म्हणून विचारले नाही. रोज संध्याकाळी दहा-बारा याप्रमाणे आठवडाभर चालले. शेवटचा भाजक ३५९, बाकी ३६. एकानेही भाग गेला नाही.

तो मुलगा आता पंचावन्नच्या आसपास असेल. हे साप्ताहिक खानापूर तालुक्यात जाते. त्याच्या हाती पडले तर त्याच्यासाठी चार ओळी. बाळा, तुझी वही मी तेव्हा तपासली नाही. आता तपासली आहे. बहात्तरपैकी बहात्तर भागाकार झाले, १३१०७१ मूळ आहे. तुझे उत्तर बरोबर होते.